पाऱ्याची संयुगं सांडल्याची वर्दी आली तर: अग्निशमन दलातल्या नव्या जवानांसाठी

मी पहिल्यांदा पाऱ्याच्या वर्दीवर गेलो तेव्हा तिथे ना धूर होता, ना वास, ना कोणाची आरडाओरड. एका प्रयोगशाळेच्या साठवणखोलीत मांडणीवरून तपकिरी बाटली पडून फुटली होती आणि फरशीवर मिठासारखे पांढरे स्फटिक पसरले होते. दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला, "थोडी पावडर सांडलीय हो. आम्हीच झाडून घेणार होतो, पण म्हटलं तुम्हाला कळवावं." मी गमबूट आणि साधे रबरी हातमोजे घालून आत गेलो, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि झाडायला लागलो. खिडकीतून ऊन येत होतं. उन्हाच्या त्या पट्ट्यात झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर बारीक धूळ वर उठताना दिसली, तेव्हा कुठे मी वाकून काचेच्या तुकड्यावरचं लेबल वाचलं: मर्क्युरिक क्लोराइड. मोठ्या माणसाच्या पोटात याचे १ ते ४ ग्रॅम गेले तरी जीव जाऊ शकतो. माझा बीए सेट, म्हणजे पाठीवरचं हवेचं सिलिंडर आणि मास्क, खाली गाडीत होता.

पुढचे काही आठवडे माझ्या लघवीच्या तपासण्या चालू होत्या. मी निभावलो. पण त्या दिवशी मला एक प्रश्न विचारायचं सुचलं असतं तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं. तो प्रश्न म्हणजे, "कोणता पारा?" आगीच्या वर्दीला आपण धावतो, आणि ते बरोबरच आहे. पाऱ्याच्या वर्दीला मात्र आधी हे विचारायचं, कारण हातमोजा कोणता घालायचा, पाणी मारायचं की नाही, मीटरवर विश्वास ठेवायचा की नाही, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

१. वर्दी घेतानाच विचारा: कोणता पारा?

फोनवरचा माणूस बहुतेक वेळा "पारा सांडलाय" एवढंच सांगतो. त्याला दोन गोष्टी विचारा. दिसतं कसं, चकचकीत थेंब, पावडर की पाण्यासारखा द्रव? आणि बाटलीवर, डब्यावर किंवा पिंपावर काय लिहिलंय? लेबल वाचण्यासाठी त्याला परत आत पाठवू नका. बाहेरून दिसत असेल किंवा आठवत असेल तेवढंच सांगू दे.

आपल्या कामापुरते पाऱ्याचे चार गट मनात ठेवा.

पहिला, धातुरूप पारा. हा चंदेरी, पळणारा आणि कमालीचा जड असतो, एका लिटरचं वजन साडेतेरा किलो. याचा धोका वाफेत आहे. वाफेला रंग नाही, वास नाही, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुफ्फुसं शोषून घेतात. गिळलेला धातुरूप पारा त्या मानाने फारच थोडा शोषला जातो. लोक नेमकं याच्या उलट समजतात.

दुसरा, पाऱ्याचे क्षार. मर्क्युरिक क्लोराइड, नायट्रेट, सायनाइड, ऑक्साइड वगैरे. बहुतेक पावडरी किंवा स्फटिक. यांची वाफ साध्या तापमानाला अगदी कमी असते, पण धूळ नाकातोंडात जाते, त्वचेतूनही शोषली जाते आणि आधी आतडी, मग मूत्रपिंडं यांच्यावर घाव घालते. सगळे क्षार सारखे नाहीत. हिंगूळ म्हणजेही पाऱ्याचं सल्फाइडच, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. क्लोराइड मात्र लिटरभर पाण्यात सुमारे ७० ग्रॅम विरघळतं.

तिसरा, सेंद्रिय पारा. यात फिनाइल मर्क्युरी ॲसिटेट येतं, आणि सगळ्यांत घातक म्हणजे मिथाइल व डायमिथाइल मर्क्युरी. डायमिथाइल मर्क्युरी बिनरंगी द्रव आहे, सहज उडून जातो आणि पेटतोही. हे नाव कानावर पडलं की माणसं बाहेर काढा, दार बंद करा आणि रसायन पथक येईपर्यंत आत पाऊल टाकू नका.

चौथा, स्फोट होऊ शकणारा पारा. मर्क्युरी फल्मिनेट धक्क्याने, घासण्याने, ठिणगीने उडतं. ते ओलं करून साठवलेलं असतं. जुन्या साठ्यात वाळलेलं सापडलं तर हात लावू नका. ते काम बॉम्बशोधक पथकाचं आहे.

२. गाडी कुठे उभी करायची, आणि कोणते कागद मागायचे

वारा ज्या दिशेने येतोय त्या बाजूला आणि उंचावर थांबा. विषारी रसायनांसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका आपण गाडीत ठेवतो, तिच्यात पहिल्या क्षणाची अंतरं दिलेली आहेत. सांडलेला पदार्थ द्रव असेल तर सर्व बाजूंनी किमान ५० मीटर, घन असेल तर किमान २५ मीटर मोकळे ठेवा. टँकर आगीत सापडला असेल तर ८०० मीटर.

मग कागद. जागेच्या जबाबदार माणसाकडून हे मिळवा:

- पदार्थाचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस
- साठा नोंदवही: किती होतं, किती सांडलं असेल
- वाहतुकीतला माल असेल तर चलन आणि चालकाकडचं आणीबाणीचं माहितीकार्ड
- इमारतीचा नकाशा, त्यात गटारं, मोऱ्या आणि एसीच्या वाहिन्या
- त्या वेळी आत असलेल्या प्रत्येकाचं नाव

युएन नंबर, म्हणजे धोकादायक मालावरचा चार आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिसला तर अर्धं काम झालं. धातुरूप पारा २८०९, मर्क्युरिक क्लोराइड १६२४, मर्क्युरिक नायट्रेट १६२५, मर्क्युरिक सायनाइड १६३६, मर्क्युरी ऑक्साइड १६४१, फिनाइल मर्क्युरी ॲसिटेट १६७४. नाव न दिलेल्या संयुगांसाठी द्रवाला २०२४ आणि घनाला २०२५. पाठ करायची गरज नाही, पण गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. आम्ही ठेवलेत.

दरम्यान एक साधं काम कोणाला तरी सांगा: त्या भागाचा एसी आणि पंखे बंद. पंख्याने क्षाराची धूळ उडते आणि एसीच्या वाहिन्या पाऱ्याची वाफ शेजारच्या खोल्यांत नेतात.

३. अंगावर काय घालायचं

इथे थोडं थांबून लिहितो, कारण नव्या मुलांचा सगळ्यांत मोठा गैरसमज इथेच असतो. आपला फायर सूट उष्णतेसाठी बनवलेला आहे, रसायनासाठी नाही. त्याच्या कापडात धूळ बसते, द्रव झिरपतो, पाऱ्याचे थेंब शिवणीत आणि खिशांच्या घडीत अडकतात. चामड्याचे बूट आणि चामड्याचे हातमोजे तर पारा धरून ठेवतात आणि नंतर कितीही धुतले तरी सोडत नाहीत.

पावडर असो, द्रव असो वा थेंब, बीए सेट लागतोच. कापडी मास्क आणि साधा धूळमास्क वाफेपुढे निरुपयोगी आहेत. २० अंश सेल्सिअसला बंद खोलीत पाऱ्याची वाफ साठत गेली तर एका घनमीटर हवेत १३ मिलिग्रॅमच्या आसपास पोचू शकते. जीवाला तात्काळ धोका मानली जाणारी पातळी पारा आणि त्याच्या क्षारांसाठी १० मिलिग्रॅम आहे, मिथाइलसारख्या अल्किल संयुगांसाठी अवघी २. म्हणजे खोली थंड आहे, आग नाही, म्हणून मास्क नको, हे गणित चुकतं.

बीए सेटबरोबर रसायनरोधक सूट घाला. पावडर आणि सौम्य द्रावणांसाठी पाणी न झिरपणारा, टोपीसकटचा सूट चालतो. सेंद्रिय पारा, अनोळखी द्रव किंवा तापलेला पारा असेल तर बीए सेटसकट सगळं अंग आत घेणारा, हवाबंद सूट.

हातमोज्यांबद्दल कॅरन वेटरहान यांची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं. त्या अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, विषारी धातूंच्या अभ्यासक. ऑगस्ट १९९६ मध्ये काम करताना डायमिथाइल मर्क्युरीचे थोडे थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर पडले. त्यांनी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सगळी काळजी घेतली होती. जानेवारी १९९७ पर्यंत तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. जूनमध्ये त्या गेल्या. नंतर चाचणी झाली तेव्हा कळलं की हा द्रव पातळ लेटेक्समधून १५ सेकंदांच्या आत आरपार जातो. तेव्हापासून शिफारस आहे ती बहुपदरी प्लास्टिकचा पातळ हातमोजा आत आणि त्यावर जाड निओप्रीन किंवा नायट्राइलचा लांब हातमोजा.

अंगठी, घड्याळ, साखळी गाडीतच काढून ठेवा. सोन्याला पारा लागला की तो त्यात मुरतो. आणि ॲल्युमिनियमचं सामान आत नेऊ नका. आपली शिडी, ब्रँच (होजच्या टोकाची नळी), कपलिंग (होज जोडायचे सांधे) ॲल्युमिनियमचे असतात. पारा किंवा त्याचे क्षार ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर मोडतात आणि मग धातू आतून कुरतडला जातो. वरून शिडी ठीक दिसते, पण तिचा भरवसा संपलेला असतो. फावडी आणि सुपल्या प्लास्टिकच्या वापरा.

४. मीटर काय सांगतं, काय सांगत नाही

आपल्याकडचा चार वायूंचा मीटर पारा ओळखत नाही. तो शांत बसला म्हणजे हवा साफ आहे असं मुळीच नाही. त्यासाठी पाऱ्याच्या वाफेचा वेगळा मापक लागतो, सोन्याच्या पापुद्र्याचा किंवा अतिनील प्रकाशाच्या शोषणावर चालणारा. नसेल तर रंग बदलणाऱ्या काचनळ्या.

दुसरा सापळा अनुभवी लोकांनाही फसवतो. वाफेचा मापक क्षाराची धूळ मोजत नाही. फरशीवर क्लोराइडचा थर असताना तो शून्याच्या जवळ राहू शकतो. म्हणून पुन्हा तोच प्रश्न: कोणता पारा? क्षार असेल तर पृष्ठभाग पुसून घेतलेले नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय "साफ" हा शब्द वापरायचा नाही.

५. आत माणूस असेल तर

तो आधी. पूर्ण संरक्षणानिशी दोघांनी आत जा, उचला, बाहेर आणा. कपडे वरून ओढून न काढता कापा, म्हणजे धूळ चेहऱ्यावर जाणार नाही. अंग आणि डोळे वाहत्या पाण्याने किमान २० मिनिटं धुवा. तोंडाने श्वास देऊ नका, पिशवी-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायचं साधन) वापरा. उलटी करवू नका, क्षार गिळला असेल तर घसा दुसऱ्यांदा भाजतो. धातूची चव, पोटात कळा, रक्ताचे जुलाब ही क्षार पोटात गेल्याची खूण. खोकला आणि छातीत आवळल्यासारखं वाटणं ही वाफेची. "मला बरं वाटतंय" असं म्हणणाऱ्यालाही पाठवाच.

६. सांडलेलं थोपवायचं, पसरवायचं नाही

सगळ्यांत आधी मोऱ्या आणि गटारांची तोंडं बंद करा. वाळू, माती, प्लास्टिकचे कागद, काय हाताशी असेल ते.

पावडर असेल तर तिच्यावर प्लास्टिकचा कागद अलगद पसरा, कडांना वजन ठेवा. बास. पहिल्या तुकडीचं काम इथे बहुतेक वेळा संपतं. द्रावण असेल तर भोवती वाळूचा किंवा कोरड्या मातीचा बांध घाला आणि टिपून घ्या. आम्ल सांडलं असेल आणि शेजारी मर्क्युरिक सायनाइड असेल तर दोन्ही एकत्र येऊ देऊ नका, हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. अमोनियासुद्धा पाऱ्यापासून लांब ठेवा, दोघांतून स्फोटक संयुगं तयार होऊ शकतात. म्हणूनच अमोनिया किंवा क्लोरीन असलेलं फरशी पुसायचं द्रव वापरून "साफ करून देतो" म्हणणाऱ्याला थांबवा.

धातुरूप थेंब असतील तर झाडू नाही, घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच. झाडू एका थेंबाचे शंभर करतो आणि व्हॅक्यूमची गरम मोटर त्यांची वाफ करून खोलीभर उडवते. खोली थंड ठेवा, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडा, आतली दारं बंद करा. टॉर्च फरशीला समांतर धरा, थेंब चमकून दिसतात. पुठ्ठ्याच्या कडेने ते एकमेकांत ढकला, ड्रॉपरने उचला, बारीक राहिलेले चिकटपट्टीला लावून घ्या. जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणी भरू नका, तिचं वजन तुम्हाला चकवेल. गंधकाची भुकटी टाकतात, पण ती क्रिया संथ असते. गंधक टाकलं म्हणजे वाफ थांबली असं धरून मास्क काढू नका.

उरलेली सफाई आपली नाही. फटी, लाकडी फळ्या, सतरंज्या यांतला पारा काढणं हे परवानाधारक विल्हेवाट करणाऱ्यांचं काम. जागा सीलबंद करून लेखी ताबा द्या.

७. आग लागली असेल तर

पाऱ्याचं जवळपास प्रत्येक संयुग तापल्यावर शेवटी पाऱ्याची वाफ सोडतं. हिंगूळ भाजूनच तर माणसाने पारा काढला. मर्क्युरिक क्लोराइड ३०० अंशांच्या आसपास वाफ होऊन उडतं आणि थंड जागी पुन्हा पांढरा थर होऊन बसतं, म्हणजे आग जिथे लागली त्या खोलीच्या बाहेरही. ऑक्साइड सुमारे ५०० अंशांना फुटून ऑक्सिजन देतं. नायट्रेट ज्वलनाला मदत करतं. यांच्या जवळची आग तुमच्या अंदाजापेक्षा जोरात पेटते.

तापलेल्या धातुरूप पाऱ्यावर पाण्याची धार मारू नका. डबे हलवता येत असतील तर हलवा, नाहीतर दुरून फवाऱ्याने बाहेरून थंड ठेवा. थेट जोरदार धार पावडर उधळते.

आणि मारलेलं प्रत्येक लिटर पाणी अडवा. जपानमधल्या मिनामाताचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात पाऱ्याचं सल्फेट उत्प्रेरक म्हणून वापरत. त्या प्रक्रियेत तयार झालेलं मिथाइल मर्क्युरी सांडपाण्यातून खाडीत गेलं, माशांत साठलं, मासे माणसांनी खाल्ले, आणि १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. साधा क्षार नदीत गेला तरी गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. छोटी आग असेल, पसरायचा धोका नसेल आणि पाणी अडवायची सोय नसेल, तर मी आमच्या तुकडीला सांगतो: कोरडी रासायनिक भुकटी वापरा, पाणी जपून.

८. बाहेर पडताना: डिकॉन

डिकॉन म्हणजे अंगावरचं आणि सामानावरचं विष काढून टाकणं. माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण तोवर माणूस दमलेला असतो आणि घाम सुटल्याने मास्क काढायची घाई असते.

डिकॉनची जागा आत शिरण्याआधी तयार हवी. दोन पसरट टब, साबणाचं पाणी, ओली फडकी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिठ्ठ्या. अंगावर पावडर असेल तर आधी ओल्या फडक्याने वरून खाली टिपून घ्या, झटकू नका. मग कमी दाबाच्या पाण्याने आणि साबणाने धुवा. धुतलेलं पाणी टबातच राहू दे, तेही विषारी कचराच. सूट आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवा. मास्क त्यानंतर, आणि सगळ्यांत शेवटी आतले हातमोजे.

काढलेलं सगळं दुहेरी पिशवीत, वर तारीख आणि पदार्थाचं नाव. गाडीच्या केबिनमध्ये यातलं काहीही नको. घरी धुवायला तर मुळीच नको, धुलाईयंत्राचा ड्रम बाधित झाला की घरातल्या प्रत्येकाचे कपडे त्यातून जातात.

धातुरूप पाऱ्याच्या एका कामानंतर आम्ही बूट धुऊन, पुसून, डोळ्यांनी तपासून घेतले होते. काही दिसलं नाही. मग एकेक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं, थोडा वेळ उबेला ठेवली आणि पिशवीला बारीक भोक पाडून मापकाची नळी आत घातली. तीन जोड्यांना काही नाही. चौथ्या जोडीला आकडा झरझर चढला. टाचेच्या खाचेत मोहरीच्या दाण्याएवढा एक थेंब बसला होता. तो जवान त्याच बुटांनी गाडीत चढणार होता. क्षारांसाठी ही युक्ती चालत नाही, पण धातूसाठी तिच्याइतकी खात्रीची दुसरी मला माहीत नाही.

९. दवाखाना आणि नोंद

पाऱ्याचा त्रास उशिरा दिसतो. वेटरहान यांच्या बाबतीत मध्ये पाच महिने गेले. म्हणून काही होत नसलं तरी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना संयुगाचं पूर्ण नाव सांगा, नुसतं "पारा" नको. धातुरूप पारा आणि क्षार यांच्यासाठी लघवीची तपासणी उपयोगी, मिथाइलसारख्या सेंद्रिय पाऱ्यासाठी रक्ताची. औषधंही बदलतात. डायमरकॅप्रॉल हे क्षारांच्या विषबाधेवरचं जुनं इंजेक्शन मिथाइल मर्क्युरीत वापरत नाहीत, कारण ते पारा मेंदूकडे वळवू शकतं. एसडीएसची एक प्रत रुग्णासोबत पाठवा. रुग्णवाहिकेच्या चालकाच्या हातात नको, रुग्णाच्या फाइलला टाचून.

शेवटी नोंदवही. पदार्थ, अंदाजे वजन, आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव, किती मिनिटं, कोणता हातमोजा, कोणता सूट, मापकाचा आकडा आणि वेळ, पिशव्यांची संख्या, जागेचा ताबा कोणाला दिला त्याची सही. हे त्याच पाळीत लिहा, पाळी बदलण्याआधी. पहिला लघवीचा नमुनाही शक्य तितक्या लवकर द्या, आणि पुढचे नमुने कधी द्यायचे ते डॉक्टरांकडून त्याच वहीत लिहून घ्या.